चौथी फेरी

आक्कांनी बोट जिभेला लावलं आणि फोटोतल्या स्वतःच्याच गालावरून जोरात फिरवलं. गाल कानापर्यंत पसरला. नाकातली चमकी विरघळून ओठावर आली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "एवढ्यात पुसली गेले मी."

काउंटरपलीकडे बागवानभाई हसू दाबत उभे होते. "मावशी, फोटोला थुंकी कोण लावतं? फोटो बघायचा असतो."

"बघून झाल्यावर?"

"अल्बमात ठेवायचा."

"आमच्याकडं अल्बमात न्हाई ठेवायचा. दुसरं मशीन दाखवा."

मी पंख्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पोटावरचे टाके ओढत होते आणि मनात एकच, लवकर घरी पोचायला हवं, दूध काढायची वेळ होत आलीय. सांगलीतलं ते दुकान, ती दुपार, खुर्चीचा तुटका हात, सगळं अजून आठवतं. तेव्हा मात्र मला एवढंच वाटत होतं की माझ्या सासूबाई त्या भल्या माणसाचा जीव खाताहेत.

आमची मुलगी तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं, बॅगही भरली होती, पण तिला घाई झाली. दिवस भरायच्या फार आधी आली. हाताच्या तळव्यात डोकं मावेल एवढी, अंगावर नळ्या, आणि रंग राखेसारखा. माझ्या आईला वडिलांचं आजारपण सोडून राहता येईना. ती येऊन, रडून, परत गेली. मला घरी सोडलं आणि लेक तिथेच राहिली. मी तासगावात, ती मिरजेत.

तिला माझं दूध हवं होतं. मी घरी पंपानं काढायचं, दवाखान्यानं दिलेल्या बाटल्यांत भरायचं, आणि रणजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते बर्फात घालून मोटरसायकलवरून पोचवायचं. तो बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता, त्यामुळे बर्फाची ददात नव्हती. ददात होती दुधाची. पहिले काही दिवस आलं, मग कमी कमी होत गेलं. आक्कांनी अळीव केले, डिंकाचे लाडू केले, शेपूची भाजी तर इतकी केली की रणजित म्हणाला, "आक्का, आता माझ्याही अंगाला शेपूचा वास येतोय." पण बाटलीचा तळ जेमतेम झाकला जाई. मशीन घुर्रघुर्र करायचं आणि मी भिंतीकडे बघत बसायची.

शेवटी दवाखान्यातल्या एस्तेर सिस्टरचा फोन आला. माझे दोन्ही हात पंपात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"शर्वरी, भिंतीकडे बघून दूध येत नसतं गं," सिस्टर म्हणाल्या. "बाळाची टोपी देते उद्या, ती नाकाशी धर. आणि तिचा फोटो ठेव समोर. तिच्याकडे बघत बस."

"फोटो नाही सिस्टर."

"एकही नाही?"

"आमच्यात बारशाआधी काढत नाहीत."

"बघ बाई. तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत. पण दूध असंच आटत गेलं, तर आम्हाला वरचं सुरू करावं लागेल. एवढ्याशा पोटाला ते झेपेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही."

आक्का दारात बसून शेपू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बारशाआधी फोटो काढायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. रणजितचासुद्धा पहिला फोटो आहे तो पाळण्यातला, नाव ठेवल्यावरचा. काजळही त्यांनीच करून ठेवलं होतं. मला सातवा लागला तेव्हा एरंडेलाचा दिवा लावून, वर ताट धरून. ती पितळी डबी त्यांनी दवाखान्यात पहिल्याच दिवशी सिस्टरच्या हातात ठेवली होती, "एक तीट लावा तेवढी," म्हणून. सिस्टरनी डबी परत केली. "इथं काही लावायचं नाही मावशी. काजळाचं तर नावही नको." पेटीपाशी फक्त आईला सोडत. त्यामुळे मी दवाखान्यात होते तोवर आक्का रोज बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत. नातीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

"आज मीबी येते मिरजेला. आणि येताना सांगलीला उतरायचं. फोटो काढायचं मशीन बघू."

रणजितनं चहाचा कप खाली ठेवला. "प्रिंटर कशाला? मी स्टुडिओतून दोन फोटो काढून आणतो की."

"परक्याच्या हातात देणार लेकरू? नळ्या लावलेलं? दुकानात चार गिऱ्हाइकं वाकून बघणार, अरेरे म्हणणार. घरात काढायचं."

"आणि बारसं?"

"बारसं व्हायला पोरगी नको का?" आक्का म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

रणजितनं माझ्याकडे बघितलं. "आपल्या ऐपतीतलं मिळालं तर घ्या," तो हळूच म्हणाला. "नाही मिळालं तर तिला समजाव."

आक्कांना समजावणारं माणूस तासगावात तरी नव्हतं.

दवाखान्यात मी आत गेले. सिस्टरनी पेटीतल्या बाळाचा फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला. बाहेर आले आणि बाकावरच आक्कांना दाखवला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. ओठ नुसते हलले. मग त्यांनी बोट पुढे केलं, तिच्या गालाला लावलं, आणि फोटो सरकला. पडद्यावर बेदाण्याचे क्रेट आले. रणजितनं पाठवलेले, कधीचे.

"गेली!" आक्का ओरडल्या. बाकावरचे सगळे दचकले.

"आहे आक्का, आहे. हे बघा." मी फोटो परत आणला. त्यांनी परत बोट लावलं. परत बेदाणे.

"राहू दे," म्हणाल्या आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. नंतर फोनकडे बघायलाच तयार नाहीत.

तिथून थेट बागवानभाईंच्या दुकानात.

बाळाचा फोटो दुकानात काढून बघायला आक्कांनी साफ नकार दिला. मग बागवानभाईंनी आपल्या फोनवर आक्कांचाच काढला. आधार कार्डाला बसल्यासारख्या ताठ बसल्या त्या, पदर नीट करून. पहिलं मशीन सगळ्यांत स्वस्त होतं. त्यावर त्या पुसल्या गेल्या, ते सांगितलंच.

"हे घ्या दुसरं," बागवानभाई म्हणाले. "ह्याला शाईच्या टाक्या आहेत. एकदा भरली की वर्षभर बघायला नको. मुलांचे शाळेचे कागद निघतात, आधारच्या झेरॉक्स निघतात. मशीन महाग वाटेल, पण पुढं परवडतं. फक्त वापरत राहायचं, पडून राहिलं की शाई वाळते."

चकचकीत कागदावर आक्का छान आल्या होत्या. मला वाटलं, सुटलो. आक्कांनी बोट ओलं केलं, फिरवलं. थोडासाच रंग हलला. मग विचारलं, "खोबरेल हाय का?"

"मावशी, हे इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे."

आक्कांनी बोट स्वतःच्या अंबाड्यावर घासलं. तेल चोपडलेलंच असायचं त्यांचं. ते तेलकट बोट फोटोवर दाबलं, गोल फिरवलं आणि पदरानं पुसलं. गालावर पांढुरका डाग उरला.

"न्हाई चालायचं."

"आक्का," मी खुर्चीतूनच म्हटलं, "मी काही तेलाचे हात लावणार नाहीये फोटोला. समोर ठेवायचाय नुसता."

"तू गप बस. तुला कळत न्हाई."

बागवानभाईंनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "ताई, मावशींना पाणी देऊ का?"

"मला कशाला पाणी? ते काय हाय?" आक्कांचं बोट काचेच्या कपाटाकडे गेलं. आत जेवणाच्या डब्याएवढं एक पांढरं मशीन होतं, झाकणावर लांब ओरखडा.

"ते शोभेचंय मावशी. गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं. पोस्टकार्डाएवढा फोटो निघतो, बास. शाळेचं काही नाही, झेरॉक्स नाही. दुसरा कुठला कागद त्याला चालत नाही. कोण घेतंय ते?"

"काढून दाखवा."

भाईंनी सुस्कारा टाकून ते जोडलं. मशीननं कागद आत ओढला आणि आधी मागून, मग पुढून बाहेर काढला. आक्का नुसत्या पिवळ्या. तोंड पिवळं, लुगडं पिवळं, बाकी काही नाही.

"अगं बया! कावीळ झाल्यागत!" आक्का म्हणाल्या. "बिघडलंय हे." आणि दोन बोटांत धरून त्यांनी कागद ओढला.

"सोडा, सोडा!" भाई किंचाळले. मशीननं कर्रर्र केलं आणि बंद पडलं.

मला हसू आवरेना. टाके दुखले, पण बाळ झाल्यापासून पहिल्यांदा हसले मी.

भाईंनी मशीन उघडलं, चुरगळलेल्या आक्का बाहेर काढल्या आणि घाम पुसला. "मावशी, हे चार फेऱ्या मारतं. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा. एकावर एक. धीर धरायचा असतो. आता हात मागं बांधा बघू."

आक्कांनी खरंच हात मागे बांधले. कागद पिवळा आला, आत गेला. गुलाबी घेऊन आला आणि आक्कांच्या चेहऱ्यात रक्त आलं. परत गेला, निळा घेऊन आला, आणि लुगडं हिरवं झालं, केस काळे झाले. हुबेहूब आक्का. तरीही कागद पुन्हा आत गेला.

"आता कशाला? झालं की."

"चौथी फेरी."

कागद बाहेर पडला. आक्कांनी निरखून पाहिलं. "ह्यात तर काहीच न्हाई केलं. होतं तसंच हाय."

"दिसत नाही मावशी. वरनं एक पातळ थर बसतो, बिनरंगी. पाणी लागो, हात लागो, आतल्या रंगाला काही होत नाही."

आक्कांनी थुंकी लावून पाहिली. अंबाड्याचं तेल लावून पाहिलं. पदरानं पुसलं. खिडकीशी नेऊन तिरपं धरून बघितलं. गाल जागच्या जागी होता.

"हेच द्या. किती कमी करता?"

"कमी? मशीन तुम्ही अडकवलं आणि कमी मी करू?"

"अडकलं म्हंजे आता ते जुनं झालं. वर ओरखडा हाय. शोभेचं हाय म्हणालात, कोण घेतंय म्हणालात. मी घेते, तर उपकार माना."

भाई माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचं घर ह्याच चालवतात ना?" आणि त्यांनी खरंच आम्हाला झेपेल असं करून दिलं. कागदाचं एक पाकीट वर टाकलं. "कुणाचे फोटो काढायचेत एवढे?"

"आमच्या घरचं माणूस हाय एक," आक्का म्हणाल्या. "परगावी असतं."

घरी आल्यावर रणजितनं मशीन माझ्या कॉटशेजारी स्टुलावर ठेवलं. मी फोनवरून फोटो सोडला. आक्का समोर पाटावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"न्हाई लावत हात," त्यांनी आधीच जाहीर केलं.

कागद आला. पिवळी, पुसट, जेमतेम कळेल अशी माझी मुलगी. आत गेली. मी श्वास धरून बसले. दवाखान्यातल्या त्या दिव्याखाली मी तिला नेहमी राखाडीच पाहिली होती, आणि नळ्या तेवढ्या नीट दिसायच्या. कागद दुसऱ्यांदा बाहेर आला आणि ती गुलाबी झाली. कपाळ, कान, मिटलेली मूठ. माझ्यासमोर माझ्या मुलीच्या अंगात रक्त भरलं.

छातीत एकदम कळ आली. तापल्यासारखी, आतून ओढल्यासारखी. खाली पाहिलं तर ब्लाउज भिजत होता.

"आक्का," मी म्हटलं. आणि ब्लाउजकडे बोट केलं.

आक्कांनी पाहिलं. "रणजित, बाहेर जा. पंप दे तिचा आधी. आणि बाटल्या. दोन आण!"

रणजित पळाला, आणि येताना पंप सोडून बाटल्यांचं सगळं खोकंच घेऊन आला. निळी फेरी झाली, चौथी झाली, आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. फोटो नंतर मला दिला तेव्हा मी तो इतका जवळ धरून बसले की त्यावर दुधाचे थेंब उडाले. आक्कांनी पदरानं टिपले. फोटोला काही झालं नाही.

तेव्हापासून रोज एक फोटो यायचा. एस्तेर सिस्टर ड्यूटी संपता संपता पाठवायच्या. मशीन आक्काच चालवायला शिकल्या. कुठलं बटण, कुठं बोट, सगळं. रणजित त्यांना ऑपरेटर म्हणायचा. फोटो निघाला की आधी त्या तो आत घेऊन जायच्या. "देवाला दाखवून आणते," म्हणायच्या. मग तांब्याला टेकवून माझ्यासमोर ठेवायच्या, टोपी माझ्या खांद्यावर घालायच्या आणि दार लावून बाहेर बसायच्या. शेजारच्या बायका बघायला आल्या की त्यांचा आवाज ऐकू यायचा, "झोपलीय ती. उद्या या." उद्याही तेच.

बाटल्या भरू लागल्या. एकदा एक नळी निघाली. पुढच्या एका फोटोत डोळे उघडे होते. आक्कांनी तो फोटो आतून आणायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

हे सगळं आज लिहितेय, कारण कस्तुरी, म्हणजे तीच लेक, शाळेत आहे आणि धाकटा आत्ताच झोपलाय. उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं. कस्तुरीच्या वर्गात लहानपणीचा फोटो न्यायचा होता, म्हणून सकाळी त्या फोटोंचा खोका काढला. सात वर्षं होऊन गेली, एकाही फोटोचा रंग उतरलेला नाही. हात फिरवत बसले, आणि ती संध्याकाळ आठवली.

सिस्टरचा फोन आला होता. "शर्वरी, उद्या घेऊन जा तुझी लेक."

मी आक्कांना सांगायला आत धावले. धावायचं नव्हतं, तरी धावले. स्वयंपाकघराच्या दारात थांबले. देव्हारा भिंतीवर होता, आणि आक्का खाली जमिनीवर बसल्या होत्या, देव्हाऱ्याकडे पाठ करून. मांडीवर त्या दिवशीचा फोटो. शेजारी पितळी डबी उघडी. करंगळीवर काजळ घेऊन त्या फोटोतल्या गालावर तीट लावत होत्या. दुसऱ्या हातानं मनगट धरलेलं. तीट लावली, हात फोटोवरून ओवाळले, आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडली. मग पदराचं टोक घेतलं आणि तीट हलकेच पुसून टाकली. फोटो उजेडात तिरपा धरून पाहिला, काही राहिलं नाही ना म्हणून.

मला बघून दचकल्या. डबी पदराआड गेली.

"रोज लावता?" मी विचारलं.

"सिस्टर नको म्हणाली काजळ. म्हणून तिला न्हाई लावलं. कागदाला लावलं." मग म्हणाल्या, "फोनवर लावायला गेले तर पोर पळून जायचं. कागदावर थांबतं."

मी त्यांच्याजवळ बसले. दुकानातलं ते ओलं बोट, अंबाड्याचं तेल, खिडकीशी तिरपा धरलेला फोटो, सगळं एकदम समोर आलं.

"पण मग पुसता का आक्का?"

"तुला दिसलं तर? तुला ती स्वच्छ दिसाय पायजे. तुझं लक्ष डागाकडं गेलं आणि दूध थांबलं म्हंजे?"

"पुसलेली तीट लागू होते का?"

"लावताना देवानं बघितलं की."

"देवाकडे तर पाठ होती तुमची."

आक्कांनी मागे वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "त्याला सांगितलं होतं, तू नको बघू. तुझ्याच दारी बारशाआधी फोटो काढला म्हणून रागावशील." मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "काय झालं? कुणाचा फोन होता?"

मी सांगितलं. त्या डबीचं झाकण लावू लागल्या. ते लागेचना. शेवटी मीच लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी एस्तेर सिस्टर स्वतः बाळ घेऊन बाहेर बाकापर्यंत आल्या आणि माझ्याकडे न देता त्यांनी ते आक्कांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी पहिल्यांदा तिला पाहिलं. फोटोशी पडताळून पाहावं तसं कपाळ, कान, मूठ पाहिली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "एक तीट?"

"डोळ्यात अजिबात नाही हं मावशी. गालावर एक, एवढीशी. तीही घरी गेल्यावर."

घरी आलो. उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आक्का कॉटवर बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं. डबी उघडली. करंगळी त्या गालाशी येऊन थांबली. इतके दिवस गुळगुळीत कागद होता, आता गाल ऊन होता, आणि हलत होता. आक्कांनी मनगट धरलं आणि तीट लावली. मुलीनं तोंड वाकडं केलं. रणजित हसला. आक्कांनी हात ओवाळले, बोटं मोडली.

आणि त्यांचा हात सवयीनं पदराकडे गेला. टोक उचललं, गालापर्यंत आलं.

मी त्यांचा हात धरला.

"आक्का, ही राहू द्या."